देव वजा केला तर न्यायाचं काय उरतं?

धागालेखक : अर्धविराम

नीतीला देवाची गरज आहे का, या विषयाचं दळण इतकं दळून झालंय की नवा धागा काढताना बोटं अडखळतात. क्रमही ठरलेला. आस्तिक विचारणार, 'देव नाही तर तुम्हाला खून करण्यापासून अडवतं कोण?' नास्तिक म्हणणार, 'तुम्ही केवळ देवाच्या धाकाने खून करत नसाल तर तुमच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.' मग दोन्हीकडून टाळ्या, मग हमरीतुमरी, आणि तिसऱ्या दिवशी धागा वाचनमात्र.

मी देव मानत नाही. पण आमच्या बाजूने एक गोष्ट सरसकट गाळली जाते असं मला वाटतं. नीती आणि न्याय यांचं नाव आपण एका दमात घेतो. देव काढून घेतला की दोघांना सारखाच फटका बसत नाही. नीतीला जवळपास काहीच होत नाही. न्यायाला मात्र जबर मार बसतो.

आधी नीतीचं. प्लेटोच्या 'युथिफ्रो' संवादातला पेच इथे अनेकांना ठाऊक असेल. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून चांगली, की चांगली आहे म्हणून देवांना आवडते? पहिलं म्हणाल तर देवाची मर्जी फिरली की चांगलं-वाईटही फिरणार. दुसरं म्हणाल तर चांगुलपण देवाआधीच आहे, देव ते ओळखतो इतकंच. मग आपणही ओळखू शकतो. या पेचावर ग्रंथच्या ग्रंथ झालेत. मला मात्र त्या संवादातला खटला जास्त बोलका वाटतो आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

साल इ.स.पू. ३९९. युथिफ्रो न्यायालयाच्या दारात सॉक्रेटिसला भेटतो. सॉक्रेटिसवर खटला भरला गेलाय आणि युथिफ्रो स्वतःच्या बापावर खटला भरायला आलाय. झालेलं असं : त्यांच्या शेतावरच्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार मारलं. बापाने मजुराचे हातपाय बांधले, त्याला खड्ड्यात टाकलं आणि 'याचं काय करायचं' हे धर्माधिकाऱ्याला विचारायला अथेन्सला माणूस धाडला. निरोप्या परत येईपर्यंत मजूर भुकेने, थंडीने आणि दोरांच्या काचाने मेला. मधल्या काळात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. खुनीच तो, मेला तर मेला.

पुढचा सगळा संवाद देवांना काय रुचतं यावर चालतो. मजूर परत येतो तो फक्त मुद्दा मांडायला हाताशी असलेलं उदाहरण म्हणून. खड्ड्यात बांधून पडलेल्याला पाणी द्यावं की नाही, हे कळायला अथेन्सहून उत्तर यावं लागतं का? माझ्या मते नीतीचा निकाल इथेच लागतो. समोरचा तडफडतोय एवढी बातमी पुरेशी आहे, तिच्यावर वरून कुणाची सही लागत नाही.

आता न्याय. मजूर मेला. त्याआधी गुलाम मेला, आणि त्याच्या वतीने तर कुणी न्यायालयाची पायरीही चढलेलं नाही. देव असेल तर या दोघांचं खातं कुठेतरी उघडं आहे. नसेल तर ते न फेडताच बंद झालं, कायमचं. जर्मन तत्त्वज्ञ कांटचं १७८८चं पुस्तक याच जागी अडतं. त्याने नीती देवावर उभी केली नव्हती. कर्तव्य बुद्धीनेच कळतं ही त्याची ठाम भूमिका. पण सज्जनाला त्याच्या लायकीइतकं सुख मिळेल ही हमी जगात कुठेच सापडत नाही, म्हणून व्यवहारापुरता तरी देव आणि आत्म्याचं अमरत्व गृहीत धरणं भाग आहे, असं तो म्हणतो. गरज आहे म्हणून गोष्ट अस्तित्वात येत नाही, त्यामुळे मी त्याच्यासोबत तिथवर जात नाही. पण त्याने दाखवलेली गरज खोटी नाही.

तर प्रश्न असा की न्यायातली ही खोट निरीश्वरवाद्यांनी कशी भरायची? की भरून निघत नाही असं सरळ म्हणून मोकळं व्हायचं?

देव आहे-नाही याचे पुरावे कृपया इथे नकोत. त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहतायत.


बिनधास्त बंडू

पहिल्या रांगेत जागा धरली आहे. शंभरी नक्की.


सांजसावली | देव म्हणजे फौजदार नव्हे

मांडणी आवडली, निदान सुरुवात तरी टवाळीने नाही. मी श्रद्धावान आहे, तेव्हा आमच्या बाजूने थोडं.

देवाला तुम्ही मंडळी नेहमी फौजदार करून टाकता. शिक्षेच्या भीतीने नीट वागणारे भक्त असतात, नाही कोण म्हणतं? पण ती श्रद्धेची बिगरीची इयत्ता झाली. ज्याच्यावर जीव आहे त्याला आवडेल असं वागण्यात धाक कुठून आला?

युथिफ्रोचा पेच ग्रीकांच्या देवांना बरोबर लागू पडतो, कारण ते आपसातच भांडायचे. एकमेव आणि परिपूर्ण ईश्वर मानणाऱ्यांनी तिसरी वाट केव्हाच दाखवली आहे. चांगुलपण त्याच्या हुकमातून निघत नाही आणि त्याच्या बाहेरही नसतं, तो त्याचा स्वभावच आहे. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितापासून आजच्या तत्त्वज्ञांपर्यंत ही मांडणी चालत आली आहे.

पण माझा खरा आक्षेप वेगळा. 'तडफडतोय ही बातमी पुरेशी आहे' म्हणता. कशाला पुरेशी? मला ऐकून वाईट वाटतं, ठीक. ज्याला वाटत नाही त्याचं काय? युथिफ्रोच्या बापाला वाटलं नाही. तो चुकला असं म्हणायचं असेल तर त्याच्या आणि तुमच्या वाटण्यापलीकडचं माप हवं. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी हा पक्का निरीश्वरवादी. १९७७ साली त्याने स्वच्छ लिहिलं की वस्तुनिष्ठ मूल्यं खरंच असती तर ती विश्वातली भलतीच विचित्र चीज ठरली असती, आणि म्हणून ती नाहीतच. हा माणूस प्रामाणिक. बाकीचे देवाला घराबाहेर काढतात आणि त्याच्या पेटीच्या किल्ल्या मात्र स्वतःच्या कमरेला लावून हिंडतात.


तर्कट | पेच फक्त एक मजला वर गेला

सांजसावलीताई, किल्ल्यांचं वाक्य झकास, पण स्वभावाचं उत्तर चालत नाही. तो स्वभाव त्याचा आहे म्हणून चांगला, की चांगला आहे म्हणून आपण त्याला ईश्वर म्हणतो? समजा त्याचा स्वभाव क्रूर असता, तर क्रौर्य चांगलं ठरलं असतं का? 'तसा असूच शकत नाही' असं म्हणालात, तर चांगलं काय हे तुम्हाला ईश्वराकडे बघण्याआधीच माहीत आहे.

मॅकीचं म्हणाल तर त्याची कुऱ्हाड नुसत्या नीतीवर पडून थांबत नाही. 'पुरावा असेल त्याप्रमाणे मत बनवावं' हेसुद्धा 'असं करावं' या जातीचंच वाक्य आहे. ज्याला पुराव्याची फिकीर नाही त्याला काय सांगणार? आपण म्हणतो, 'तू चुकतोयस', आणि त्याला फिकीर नसली तरी तो चुकतच असतो. तिथे कुणी देवाचा दाखला मागत नाही. मग 'बांधलेल्या माणसाला मरू देऊ नये' यालाच तो का मागायचा?

आणि त्या बापाला माप सापडलं नव्हतं असंही नाही. त्यालाच बांधून खड्ड्यात टाकलं असतं तर तो 'मला हे आवडत नाही' एवढंच ओरडला नसता. 'हा अन्याय आहे' असं ओरडला असता. म्हणजे कारण त्याच्याकडे होतं. स्वतःपुरतं ठेवलं आणि मजुराला नाकारलं. बुद्धी वापरणाऱ्या कुणालाही हा घोटाळा दिसतो.

अशा धाग्यांत माकडांचा प्रयोग येतोच, म्हणून मीच उरकून टाकतो. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल, २००३. दोन कॅपुचिन माकडांना एकच काम, एकाला बक्षीस काकडी, दुसऱ्याला द्राक्ष. काकडीवाल्याने पुढे काकडी घ्यायला नकार दिला, प्रसंगी फेकली. गोड आहे, पण यातून विषमतेची चीड कुठून उगवली एवढंच कळतं, ती रास्त आहे का ते कळत नाही. 'आहे' वरून 'असावं' काढता येत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४० च्या सुमारासच बजावून ठेवलंय. आमच्या बाजूचे लोक हे सारखं विसरतात.


पंतोजी | घरचा वाद

इतका वेळ प्लेटो, कांट, मॅकी. हा वाद आपल्या दर्शनांत काही शतकं जास्त चुरशीने चालला आहे.

वेदांवर सर्वांत कडवी निष्ठा कुणाची? पूर्वमीमांसकांची, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्यांची. आणि सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी 'श्लोकवार्तिका'त जगाचा कर्ता ईश्वर ही कल्पनाच मोडीत काढली. त्याने जग का निर्माण केलं? करुणेने? पण सृष्टीच्या आधी ज्याची करुणा यावी असं दुःख भोगणारं कुणी नव्हतंच! मीमांसकांच्या मते धर्म वेदांतून कळतो, वेद कुणी रचलेले नाहीत आणि कर्माचं फळ 'अपूर्व' नावाच्या शक्तीतून मिळतं. मध्ये देणारा कुणी नाही. म्हणजे ईश्वराविना कर्तव्य ही गोष्ट आपल्याकडे परमकर्मठांनी सांगितली. जैनांना आणि बौद्धांनाही सृष्टिकर्ता नाही, आणि अहिंसेच्या बाबतीत त्यांच्याइतके काटेकोर कोण?

अर्धविराम यांचा न्यायाचा मुद्दा वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत, सूत्राला सूत्र भिडवून लढवलेला आहे. ३.२.३८ मध्ये पक्ष असा की फळ ईश्वराकडून मिळतं. ३.२.४० मध्ये मीमांसेचे सूत्रकार जैमिनी यांचं मत, की धर्मच फळ देतो. लगेच पुढच्या सूत्रात बादरायणांचा कौल ईश्वराच्या बाजूने. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २.१.३४. जगात इतकी विषमता दिसते, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर आहे, नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्मांनुसार फळ देतो.

ईश्वर निर्दोष सुटला. पण दोष गेला कुणाच्या गळ्यात? ज्याने सोसलं त्याच्याच. खड्ड्यातला मजूर मागचं फेडत होता असं म्हणायला वाट मोकळी. विश्वात न्याय काठोकाठ भरलेला आहे असं एकदा धरलं की जे जे घडलं ते न्याय्यच होतं, असं म्हणणं भाग पडतं. जन्माने लादलेल्या किती अन्यायांना या एका तर्काने पाठबळ दिलं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा देव वजा करून न्यायाला मार बसतो हे खरं असेल, पण देव किंवा कर्म जमा करूनही बसतो.

याउलट उदयनाचार्यांची 'न्यायकुसुमाञ्जली' म्हणते की अदृष्ट, म्हणजे कर्माचा साठून राहिलेला न दिसणारा परिणाम, जड आहे, चेतन अधिष्ठात्याशिवाय ते काम करणार नाही. त्यावर सवडीने.


बिनधास्त बंडू

सवडीने म्हणजे या जन्मी का पुढच्या?


मोजपट्टी | थोडे आकडे

तत्त्वज्ञान चालू द्या, पण श्रद्धेने माणूस चांगला वागतो का हा मोजायचा प्रश्न आहे आणि लोकांनी तो मोजलाय.

१९७३, मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि बॅटसन. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगितलं की शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं आहे. काहींचा विषय होता रस्त्यात जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली गोष्ट. वाटेत एका दारात एक माणूस वाकून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी ४५. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी १०. भाषणाचा विषय कोणता होता याने ठळक फरक पडला नाही. मदतीच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून पुढे गेले! देव, धर्म, ग्रंथ यांपेक्षा घड्याळ भारी पडलं.

२००७ मध्ये शरीफ आणि नोरेनझायन यांनी लोकांना देवाशी संबंधित शब्द असलेली वाक्यं जुळवायला दिली आणि मग अनोळखी माणसाला पैसे वाटून द्यायला सांगितले. देवाचे शब्द वाचलेल्यांनी जास्त दिले. आस्तिक मंडळी इथवर सांगतात आणि थांबतात. त्याच शोधनिबंधात पुढे न्यायालय, पोलीस, करार असे शब्द दिले तेव्हाही जवळपास तितकाच परिणाम दिसला. वर नंतरच्या एका फेरतपासणीत देवाच्या शब्दांचा परिणाम दिसलाच नाही. तेव्हा यावर फार इमले बांधू नयेत, कुणीच.

लोकांना काय वाटतं हा निराळा भाग. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१९च्या ३४ देशांतल्या पाहणीत, चांगलं वागायला देवावर विश्वास हवाच असं म्हणणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ४५ टक्के. स्वीडनमध्ये ९, इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये ९६. आणि २०१७ मध्ये १३ देशांत केलेल्या एका अभ्यासात दिसलं की एकापाठोपाठ खून करणारा माणूस नास्तिक असावा असंच लोक नकळत धरून चालतात. गंमत म्हणजे नास्तिकसुद्धा.


बिनधास्त बंडू

स्टालिन वगैरे कुणीच कसा काढला नाही अजून? तब्येत बरी आहे ना सगळ्यांची?


अर्धविराम

बंडोपंत, काढा की. देव न मानणाऱ्या राजवटींनी लाखोंनी माणसं मारली, देव मानणाऱ्यांनीही मारली. कुणाचा ढीग उंच, ही मोजणी मला किळसवाणी वाटते आणि त्यातून मूळ प्रश्नाला काहीच मिळत नाही. पुढे.


रात्रपाळी | दोन वाक्यं

सहसा फक्त वाचते. पंतोजींच्या प्रतिसादानंतर लिहावंसं वाटलं.

माझ्या भावाला गाडीने उडवलं. गाडी कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं, चालवत कोण होतं हे सिद्ध करायचं होतं. खटला उभा राहायलाच वर्षं गेली. मुख्य साक्षीदाराने घरी येऊन आईला सांगितलं होतं की त्याने चालकाला उतरताना पाहिलं. साक्षीच्या दिवशी तो पिंजऱ्यात उभा राहिला, देवाची शपथ घेतली आणि म्हणाला, अंधार होता, चेहरा दिसला नाही. सरकारी वकिलांनी त्याचाच जबाब त्याला वाचून दाखवला. तो खाली बघत 'असं मी सांगितलं नव्हतं' एवढंच म्हणत राहिला. शर्टाच्या खिशाचं पेन काढायचा, परत अडकवायचा, पुन्हा काढायचा. फितूर म्हणून नोंद झाली. संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला.

आई म्हणते, 'वर हिशेब होईलच.' मी देव मानत नाही, पण तिला उलट उत्तर कधी दिलेलं नाही. देणारही नाही. भेटायला आलेले एक नातेवाईक म्हणाले, 'मागचं काहीतरी असेल, तेवढंच आयुष्य होतं त्याचं.' त्यांना मी घराबाहेर काढलं.

दोघंही देवाधर्माचंच बोलत होते. तरी एकाचा राग आला आणि एकाचा आला नाही, याचा मी बराच विचार केला. आई म्हणते, अन्याय झालाय आणि तो अजून फिटलेला नाही. नातेवाईक म्हणत होते, अन्याय झालाच नाही. आईच्या देवाशी माझं भांडण नाही, कारण आमच्या दोघींच्या वहीत बाकी सारखीच आहे. ती बाकी कोण चुकवणार यावर फक्त मतभेद. तुमच्या चर्चेत हे दोन देव वेगळे धरा, एवढंच सांगायचं होतं.


काळा कोट

रात्रपाळीताई, तुमच्या प्रकरणावर इथे बोलणार नाही. शपथेबद्दल मात्र बोलतो, कारण देव आणि न्यायालय यांची गाठ तिथेच पडते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक, १६८९, धार्मिक सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता. पण नास्तिकाला सूट नाही, कारण वचन, करार आणि शपथ यांचं बंधन त्याच्यावर चालत नाही असं त्याचं मत. हे मत दोनशे वर्षं टिकलं. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली ब्रिटिश संसदेवर निवडून आला, नास्तिक म्हणून त्याला आसनावर बसू दिलं नाही. प्रतिज्ञा करतो म्हणाला, नाही. बरं, शपथ घेतो म्हणाला, तरी नाही. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं, शेवटी १८८६ मध्ये तो बसला आणि १८८८ मध्ये देवाऐवजी प्रतिज्ञेची सोय कायद्याने सगळीकडे झाली. आकाश कोसळलं नाही. आज आपल्याकडेही देवाचं नाव न घेता प्रतिज्ञेवर साक्ष देता येते आणि खोट्या साक्षीची शिक्षा दोन्ही प्रकारांना एकच.

एवढी वर्षं उलटतपासण्या घेतल्यावर सांगतो, साक्षीदार टिकतो की फुटतो हे शपथेच्या मजकुरावर ठरत नाही. त्याच्या दारात संध्याकाळी कोण येऊन गेलं, संरक्षण मिळालं का आणि घटनेनंतर किती दिवसांनी त्याला पिंजऱ्यात उभं केलं, यावर ठरतं. हे तिन्ही माणसाच्या हातातलं आहे.

अजून एक. १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होताना ब्राझीलच्या प्रतिनिधींनी सुचवलं होतं की माणूस ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे घडवला आहे असा उल्लेख पहिल्या कलमात असावा. चीनच्या पी. सी. चांग यांच्यासारख्यांचा विरोध होता, कारण जगातल्या मोठ्या लोकसंख्येची परंपराच वेगळी. उल्लेख वगळला गेला. १० डिसेंबरला जाहीरनामा मंजूर झाला : ४८ बाजूने, विरोधात शून्य, ८ तटस्थ. माणसाला हक्क का आहेत यावर या देशांचं कधीच एकमत झालं नसतं. आहेत यावर झालं.


सांजसावली

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच लिहिता आलं नाही. तुम्ही केलेला भेद मला पूर्ण मान्य आहे, आणि माझा देव तुमच्या आईच्या वाक्यातला आहे. 'मागचं असेल' म्हणणाऱ्यांचा देव माझा नाही.

पण वकीलसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य फसवं आहे. एकमत झालं म्हणून हक्क खरे ठरत नाहीत. उद्या ४८ देशांनी ते रद्द केले तर? तेव्हा तुम्ही 'ते चुकले' म्हणाल ना? मग आपण परत मापापाशी आलो.


अर्धविराम | खोट भरायची की ठेवायची

'ते चुकले' असंच म्हणेन. तर्कट यांनी दिलेलं कारण मला पुरतं : स्वतःसाठी जो दावा करतो तो दुसऱ्याला नाकारायला आधार लागतो, आणि तो आधार कुणाला दाखवता आलेला नाही. १९४८ मध्ये हक्क मतदान करून निर्माण झाले नाहीत, फक्त नोंदवले गेले.

न्यायाच्या खोटीबद्दल मात्र रात्रपाळी यांच्यामुळे मला माझं म्हणणं नीट धरता आलं. खोट भरू नये. तिला भरायला निघालेल्या बऱ्याच जणांचा शेवट त्या नातेवाइकांच्या वाक्यात होतो, आणि त्यात आमचेही लोक आहेत. 'निसर्ग असाच असतो', 'जो टिकला तो लायक', 'इतिहासाच्या वाटचालीत काहींना चिरडावं लागतं' ही सगळी देव वगळून केलेली तीच तडजोड आहे. झालेल्या अन्यायाला अन्याय म्हणायचं नाही, म्हणजे हिशेब आपोआप जुळतो.

बाकी उघडी ठेवली तर निदान एक फरक पडतो. वर कुणी बघणार नसेल, तर काळा कोट म्हणतात ते साक्षीदाराचं संरक्षण आणि वेळेत होणारी सुनावणी याखेरीज दुसरी खिडकीच नाही. चुकलेली फाशी पुढे कुणी दुरुस्त करणार नाही, म्हणून ती देताना माझा हात आस्तिकाच्या हातापेक्षा जास्त थरथरायला हवा. थरथरतो असा दावा नाही. हवा.

आणि मेलेल्यांसाठी काहीच करता येत नाही असंही नाही. ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगला १९५२ मध्ये समलैंगिक संबंधांबद्दल दोषी ठरवलं, तो १९५४ मध्ये गेला, २०१३ मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली. माफी हा प्रकारच मला खटकतो, कारण गुन्हा सरकारचा होता. तरी दप्तरात चुकीचं लिहिलेलं तसंच राहू न देणं हे एक देणं होतं आणि ते थोडंसं फिटलं.


तर्कट

माफीबद्दल सहमत. बाकी, देव असता तरी हिशेब जुळला असता का याची मला शंकाच आहे. मारणाऱ्याला नंतर शिक्षा आणि मेलेल्याला नंतर सुख, यातून मधली तडफड पुसली जात नाही. पुसली जात असेल तर ती गंभीर गोष्टच नव्हती असा अर्थ होतो.


सांजसावली

पुसली जात नाही, हे मीही मानते. पण तर्कट, भरपाई अपुरी आहे आणि भरपाई घ्यायला माणूसच उरला नाही, यांत तुम्हाला काहीच अंतर दिसत नाही?

अर्धविराम, ट्युरिंगचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. २०१३ मध्ये काय झालं ते ट्युरिंगला कळलं नाही. तुमच्या मते तो कुठेच नाही. मग देणं फिटलं ते कुणाचं? जिवंतांना बरं वाटलं, दप्तर स्वच्छ झालं, ठीक आहे. 'त्याचं देणं' म्हणायचा हक्क तुम्हाला कुठून मिळाला? तुम्ही म्हणाल, तो जिवंत असताना त्याला आपलं नाव डागाळू नये असं वाटत होतं, ती इच्छा आजही मोडता किंवा राखता येते. हे उत्तर मी ऐकलेलं आहे आणि ते वाईट नाही. पण मग एक माणूस मेल्यानंतर साठ वर्षांनीही तुमच्याकडे काहीतरी मागतो आहे, असंच तुम्ही मानताय. मी याहून फार वेगळं काही मानत नाही. फक्त मला वाटतं की तो मागतोय हे ऐकणारं आपल्याखेरीजही कुणीतरी आहे.